आतिफाची पहिली कवळी

आतिफा मुकादमला घाबरली की हसू येतं. गालातल्या गालात नव्हे. खांदे उडतात, डोळ्यांत पाणी येतं आणि शेजारी बसलेलं माणूसही वाहून जातं. इजिप्तमधल्या इस्कंदरियाच्या दंत महाविद्यालयात शेवटच्या तोंडी परीक्षेला ती अशी काही हसली की परीक्षकांनी आधी भुवया चढवल्या, मग एकमेकांकडे पाहिलं आणि सगळेच टेबलावर डोकं टेकून हसत सुटले. ती पास झाली. पण हसण्यामुळे की उत्तरांमुळे, हे तिला आजतागायत कळलेलं नाही.

तिचे वडील रफिक एके काळी न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेन चालवायचे. नंतर ओमानला गेले आणि तिथल्याच बंदरात स्थिरावले. आतिफा मस्कतमध्ये वाढली, इजिप्तमध्ये शिकली आणि दर सुट्टीत रेवदंड्याजवळच्या खाडीकाठी नानीकडे, रहिमुन्निसाकडे, येऊन तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी खात बसली. पदवी मिळाल्यावर मस्कतच्या एका चकचकीत दवाखान्यात तिला नोकरी लागली. काम एकच. पांढऱ्या दातांना आणखी पांढरं करायचं. काही महिन्यांनी एका नवऱ्या मुलीचे आधीच मोगऱ्यासारखे असलेले दात घासून घरी आल्यावर तिने जाहीर केलं, "अब्बा, मी डॉक्टरीण नाही. मी दातांची धोबीण आहे. मी नानीकडे चालले."

"पोरी, जग इथे यायला धडपडतं आणि तू उलटी?" रफिक म्हणाले.

आतिफाला हसू आलं, कारण तीही मनातून घाबरलेलीच होती.

परदेशी पदवीवर इथे काम करायचं तर आधी परीक्षा. ती पार पडली. मग तिने अलिबागच्या 'दर्यासेवा' संस्थेत नाव घातलं. परदेशात शिकून आलेल्या दंतवैद्यांना वर्षभर हाताखाली घ्यायचं, घडवायचं आणि जिथे दाताचा डॉक्टर म्हणून कधी कुणी फिरकलेलाच नाही अशा किनाऱ्यावरच्या गावांत, धनगरवाड्यांत, मिठागरांवर पाठवायचं, हे या संस्थेचं काम. आतिफाच्या तुकडीत दोघे मनिलाहून शिकून आलेले, एक तिबिलिसीहून. त्यांच्या गुरू डॉ. सुचित्रा वर्तक. नागावच्या नारळी-पोफळीच्या वाडीतल्या, मुंबईला वर्षानुवर्षं प्राध्यापकी करून परतलेल्या. सुती साडीवर पांढरा कोट, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की समोरच्याने नुकतंच काहीतरी सांडलेलं आहे.

पहिल्याच दिवशी सुचित्राबाईंनी मनिलाच्या एका मुलाला खुर्चीवर निजवलं आणि आतिफाला म्हणाल्या, "याला तपास. पण ज्या भाषेत शिकलीस त्याच भाषेत बोल."

"इफ्तह बोअक," आतिफा अरबीत म्हणाली. म्हणजे तोंड उघड. त्या बिचाऱ्याने गच्च तोंड मिटलं. ती पुन्हा म्हणाली. त्याने डोळेही मिटले. तिसऱ्यांदा तिने जरा आवाज चढवला, तेव्हा तो उठून बसला आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, ही मला काय करणार आहे?"

आतिफा हसत खुर्चीच्या पायाशी बसली.

"थळच्या कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्याला तुमचं पुस्तकी बोलणं अस्संच ऐकू येणार आहे," सुचित्राबाई म्हणाल्या. त्या मात्र हसल्या नाहीत. "उठा आता."

संस्थेची एक गाडी होती. आत दाताची खुर्ची, दिवा, पाण्याची टाकी, कवळ्या घासायचं छोटं यंत्र. लोक तिला दातगाडी म्हणत. चालक गुणाजी थळचाच, बंदरावर वाढलेला. गाडीवर त्याचा इतका जीव की खड्डा आला तर तो गाडीची माफी मागायचा. आठवड्यातून एकदा दातगाडी थळच्या किनाऱ्यावर, मासळीच्या लिलावाच्या जागेजवळ उभी राहायची.

तिथेच एका सकाळी गोदू आली.

गोदू म्हणजे थळच्या कोळीवाड्यातली जुनीजाणती बाई. साठीला टेकलेली, अंगाने दणकट, कानांत जाड सोनं, केसांत अबोलीची वेणी. होडीवरून पाट्या उतरल्या की लिलावात तिचा आवाज पहिला. ती गाडीत चढली, खुर्चीवर राणीसारखी बसली आणि तोंड उघडलं. आत वरच्या हिरडीला एक आणि खालच्या हिरडीला एक, असे दोनच दात, तेही डुलणारे.

"हे दोन पाव्हणे हायत," गोदू म्हणाली. "कवा जातील सांगता येत न्हाय."

"नवे दात बसवू. मग सगळं चावून खाता येईल," आतिफा म्हणाली.

"खायाला कोनाला पायजेत? म्हावरं मी हिरड्यांनी खातंय. काटा पन सोरत न्हाय. मना गायाला दात दे गो बाय."

आतिफाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. दारात उभ्या गुणाजीने खुलासा केला. गोदू धवलारीण होती. इकडच्या लग्नांत हळद लागते, मांडव पडतो, नवरा-नवरी पाटावर बसतात, त्या प्रत्येक वेळी धवले गावे लागतात. ते गाणारी ती धवलारीण, आणि तिने तोंड उघडल्याशिवाय हळदीचा हात नवरीला लागत नाही. पंचक्रोशीतल्या अर्ध्या संसारांची सुरुवात गोदूच्या गळ्यातून झालेली. पण दात पडत गेले तसे शब्द निसटायला लागले. दोन वर्षांपूर्वी एका मांडवात 'सासू' म्हणताना तोंडातून शिट्टी वाजली, पोरंटोरं फिदीफिदी हसली, आणि गोदूने त्या दिवसापासून धवला सोडला.

"आता माज्या भावाची मृणाली हाय ना, तिचा लगीन ठरलाय," गोदू म्हणाली. "ती बोलते, आत्या गायली न्हाय त मी हलदच लावून घेनार न्हाय. हट्टी हाय. माज्यावर गेलीय."

पूर्ण कवळी, तीही गाण्यासाठी, तीही लग्नाच्या तारखेला. आतिफा घाबरली आणि व्हायचं तेच झालं. ती हसायला लागली. गोदूने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. गुणाजीने श्वास रोखला. मग गोदूच्याच पोटातून काहीतरी उकळत वर आलं, तिने पदर तोंडावर धरला आणि ती इतकी हसली की खुर्ची करकरली.

मागून सुचित्राबाईंचा आवाज आला. "आतिफा, ही तुझी पेशंट. पहिल्या मापापासून शेवटच्या घासापर्यंत. मी फक्त बघणार."

गोदूच्या तोंडातले ते दोन पाहुणे निरोप घेऊन गेले. हिरड्या भरून यायला वेळ दिला. मग मापं सुरू झाली. मापाचा गुलाबी लगदा तोंडात गेला की गोदूला बोलायची हुक्की यायची, आणि बोलता येत नाही म्हणून ती हातवारे करायची. एकदा तिने त्या हातवाऱ्यांत लिलावच सुरू केला, तेव्हा खिडकीतून डोकावणाऱ्या एका बाईने खरोखरच बोली लावली. दोनदा तिने आतिफाचं बोट चावलं. "हिरडीनेच ना गो," म्हणून वर तिलाच समजावलं.

मग आला मेणाचा दिवस. कवळी पक्की करण्याआधी दात मेणात रोवून तोंडात बसवून बघतात. काही चुकलं असेल तर तेव्हाच हलवता येतं. आतिफाने रात्रंदिवस खपून, पुस्तकातली सगळी मापं पाळून दात रोवले होते. दिसायला इतके देखणे की गुणाजी म्हणाला, "मावशे, पिक्चरमधी काम करशील."

"आता 'सासू' म्हणा," आतिफा म्हणाली.

गोदूने छाती भरून घेतली. "फुर्रर्र—" कुकरची शिट्टी व्हावी तसा आवाज आला, वरची कवळी सुटली आणि अलगद आतिफाच्या मांडीवर येऊन बसली, जणू तीच पेशंट आहे.

कुणी आधी हसायला सुरुवात केली हे सांगता येणार नाही. गोदू खुर्चीवर आडवी झाली, आतिफा कवळी हातात धरून जमिनीवर. थांबायच्या, एकमेकींकडे बघायच्या, पुन्हा सुरू. आतिफाला पुढे पुढे भीती वाटायला लागली की हे थांबणारच नाही, आणि त्या भीतीने हसू आणखी वाढलं.

"झालं?" सुचित्राबाई म्हणाल्या. त्या हात धुऊन पुढे आल्या. आतिफाच्या हातातली कवळी घेऊन त्यांनी प्रकाशात धरली. "काम सुबक आहे. पण आतिफा, पुस्तकातलं माप तुला गल्लीपर्यंत नेतं. घर बोलण्यातून सापडतं. 'स' कसा निघतो? वरचे आणि खालचे पुढचे दात जवळ येतात, टेकत नाहीत. मधल्या फटीतून वारा जातो. फट मोठी झाली की शिट्टी, नाहीशी झाली की बोबडं. किती फट, ते प्रत्येकाच्या जिभेला ठाऊक. तू तिला एकच शब्द म्हणायला सांगतेस, म्हणून ती सावध होते आणि जीभ अवघडते. गोदूबाई, तुमचा धवला म्हणा. हिच्याकडे लक्ष देऊ नका. मांडवात आहात असं समजा."

गोदूने पदर सावरला, डोळे मिटले.

"सात सुपांशी हलद सांडली, सासूचे सोप्याशी..."

सगळी ओळ शिट्ट्यांनी भरलेली! पण आता आतिफा हसली नाही. ती ऐकत होती. कान गोदूच्या ओठांशी नेऊन ऐकत होती. शिट्टी डावीकडून जास्त येत होती. तिने कवळी काढली, सुरी दिव्यावर गरम केली, पुढचा एक दात केसभर आत घेतला आणि पुन्हा बसवली. "म्हणा."

"सात सुपांशी..."

पुन्हा काढली. शेजारचा दात किंचित खाली. "म्हणा."

लिलाव संपला होता. रिकाम्या पाट्या डोक्यावर तशाच ठेवून बायका गाडीभोवती उभ्या राहिल्या. एक बाहेरून सांगायला लागली, "'सुपांशी' बरा आला, 'सोप्याशी' अजून फाटतोय!" दुसरी म्हणे, "तुना काय कलतं? 'सोप्याशी' बरा, 'सांडली' बग." सुचित्राबाई हाताची घडी घालून भिंतीला टेकल्या होत्या, आणि आतिफाने चोरून पाहिलं तेव्हा त्यांचे ओठ नकळत 'सात सुपांशी' म्हणत होते.

आणि मग एका वेळी ती ओळ स्वच्छ निघाली. शिट्टी नाही, थुंकी नाही, बोबडेपणा नाही. प्रत्येक 'स' नव्या नाण्यासारखा खणखणला. गोदू स्वतःच दचकली. तिने ओळ पुन्हा म्हटली, मग पुढची, मग त्याच्या पुढची, आणि बाहेरच्या बायकांनी तिचे शब्द झेलून मागे म्हणायला सुरुवात केली. आतिफाने गोदूचे दोन्ही हात धरले आणि त्या दोघी त्या चिंचोळ्या गाडीत गोल फिरायला लागल्या. गाडी अशी डुलायला लागली की गुणाजी पळत आला. "अरे अरे, गाडीचा पाटा तुटंल!"

"दात हलतील," सुचित्राबाई एवढंच म्हणाल्या. "मेण आहे ते."

कवळी पक्की झाली, गोदूच्या तोंडात बसली. हळदीचं आमंत्रण आतिफाला आणि तिच्या नानीलाही आलं. नानीने ठेवणीतला जरीचा दुपट्टा काढून ठेवला.

आणि हळदीच्या सकाळीच गोदूचा फोन. "अगो बाय, ही कवली मना चावतंय!"

नव्या कवळीचं हे असतंच. कुठेतरी टोचते, हिरडी सोलते, आणि टोचणारी जागा जरा घासून द्यावी लागते. पण घासायचं यंत्र गाडीत, गाडी संस्थेत, आणि सुचित्राबाई सकाळपासून पालीला कुणाच्या तरी साखरपुड्याला गेलेल्या, फोन बंद. आतिफाने गुणाजीकडे पाहिलं. गुणाजीने आभाळाकडे पाहिलं.

"गाडी धुवून आणायची होतीच मना," तो म्हणाला. "थळला पानी चांगला हाय."

अशी दातगाडी विनापरवाना निघाली. आधी उलट दिशेला रेवदंड्याकडे जाऊन नानीला घेतलं. पुढे दोनच जागा, आणि नानीला गुणाजीच्या शेजारी बसायला संकोच वाटला, म्हणून ती मागे दाताच्या खुर्चीवर बसली. आतिफा तिला धरून उभी राहिली. चौलच्या पुढे एका खड्ड्यात खुर्चीचं बटण कुठेतरी दाबलं गेलं, आणि रहिमुन्निसा नानी, जरीच्या दुपट्ट्यासकट, हळूहळू पाय वर आणि डोकं खाली अशा निजायला लागल्या.

"या अल्ला! आतिफा! माझा दात कंला काढतेस गो? मी लग्नाला चाललेय!"

आतिफाने बटण दाबलं तर खुर्ची छताच्या दिशेने निघाली. "नानी, हलू नको!" "मी कुठे हलतेय, ही हलतेय!" पुढून गुणाजी ओरडून माफी मागत होता, नानीची नव्हे, गाडीची. थळ येईपर्यंत नानी दोनदा वर गेली, दोनदा खाली आली. उतरली तेव्हा तिचा दुपट्टा वाकडा झाला होता आणि ती लहान मुलीसारखी हसत होती. आतिफाला त्या दिवशी कळलं, आपलं हसू कुठून आलंय.

मांडवात सगळं थांबलेलं. मृणाली पाटावर बसून, हाताची घडी घालून, हट्टाला पेटलेली. वाडग्यात हळद कालवून तयार. आणि गोदू कोपऱ्यात, पदराआड कवळी हातात घेऊन. हळद तिनेच कालवली होती, त्याच हातांनी कवळी काढली होती, त्यामुळे ते मोत्यासारखे दात आता पिवळेधमक.

"सोन्याची झाली बग," गोदू म्हणाली.

आतिफाला हसू फुटणार होतं, पण तिने ते गिळलं. आधी कवळी धुतली. मग गोदूच्या हिरडीवर लाल झालेल्या जागी जांभळ्या पेन्सिलीने ठिपका दिला, कवळी बसवून दाबली, काढली. कवळीच्या आतल्या बाजूला बरोबर त्या जागी जांभळा डाग उमटला. तेवढंच यंत्राने घासलं. पुन्हा बसवली. "चावा."

गोदूने दात दाबले. उजवीकडे. डावीकडे. तिचा चेहरा हळूहळू सुटला.

"न्हाय चावत गो!"

ती मांडवात गेली. कुणी शांत व्हा म्हणायची गरज पडली नाही. गोदूने नवरीच्या पाटाजवळ बसून आवाज लावला. गाडीत ऐकलं होतं ते म्हणजे काहीच नव्हतं. हा आवाज होडीवरून होडीवर जाणारा, खारा, रुंद, वर चढताना न थरथरणारा. सात सुपांतली हळद खरोखर सांडतेय असं वाटत होतं. मृणालीच्या गालाला पहिला हात लागला आणि ती रडतही होती आणि हसतही होती. नानीने शेजारच्या अनोळखी कोळणीचा हात घट्ट धरला होता. "माशाल्ला, माशाल्ला," ती पुटपुटत होती.

धवला संपला. हळद उडायला लागली. आणि पिवळ्या तोंडाची एक मावशी आतिफाजवळ येऊन म्हणाली, "बाय, गाडी आनलीच हायस त माजी ही दाढ बगशील?"

तिच्या मागे दुसरी. तिच्या मागे नवऱ्या मुलीची काकी. बघता बघता मांडवापासून गाडीपर्यंत बायका जमल्या, कपाळापासून हनुवटीपर्यंत हळदीने माखलेल्या, सगळ्यांची तोंडं सताड उघडी, एकमेकींचे दात बघून एकमेकींना सल्ले देत. आतिफा वाकून, आरसा घेऊन एकेक तोंड बघत होती. बाहेर बँजो वाजायला लागला होता आणि दाढ तपासून घेणाऱ्या बायकांचे पाय खुर्चीवर पडल्या पडल्याच ठेका धरत होते.

अशा वेळी सुचित्राबाई उगवल्या. पालीहून परतताना कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तुमची दातगाडी थळला लग्नात नाचतेय. रिक्षातून उतरल्या, साडीचा पदर खोचला. गुणाजी गाडीमागे लपला. आतिफा हातात आरसा घेऊन तशीच उभी राहिली, आणि भीतीने पुन्हा तिच्या खांद्यांना तो ओळखीचा झटका बसला. ती हसायला लागली.

"परवानगी?" सुचित्राबाईंनी विचारलं.

नानीच पुढे झाली. "मी दिली," ती म्हणाली. "माझ्या वयाला परवानगी देता येते."

सुचित्राबाईंनी नानीकडे पाहिलं. मग त्या पिवळ्या, उघड्या तोंडांकडे पाहिलं. एवढ्यात कुठून तरी गोदू आली आणि हळदीचे दोन्ही हात तिने डॉ. सुचित्रा वर्तकांच्या गालांवर आडवे ओढले. आणि सुचित्राबाई हसल्या. सगळ्या तुकडीने आजवर न पाहिलेलं हसू, मोठ्याने, दाढांपर्यंत दिसणारं.

"हातमोजे कुठे आहेत?" त्या म्हणाल्या. "आणि रांगेतल्या त्या आजीला माझ्याकडे पाठव, तुझ्याच्याने ती दाढ निघणार नाही."

ऊन उतरेपर्यंत दोघी काम करत राहिल्या. काहींना पुढच्या आठवड्यात गाडीवर बोलावलं, काहींचं तिथेच काम झालं. गुणाजी वऱ्हाडाबरोबर जेवून आला आणि त्या दोघींसाठी तळलेले बोंबील घेऊन आला.

वर्ष संपलं तेव्हा तुकडीतला एक मनिलावाला म्हसळ्याकडे गेला, दुसरा मिठागरांच्या बाजूला. तिबिलिसीवाली डोंगरातल्या वाड्यांवर. आतिफाने थळ मागून घेतलं. दातगाडीचा आठवडी मुक्काम सुटला आणि बंदराजवळ एका खोलीत तिचा कायमचा दवाखाना थाटला गेला. सुचित्राबाई अधूनमधून येतात, तिच्या कामात चुका काढतात आणि जाताना न विचारता चहा पितात.

गोदूला आता सवड नसते. सगळ्या लग्नसराईची बोलावणी असतात. रफिक या वर्षी सुट्टीवर आले, तेव्हा लेकीच्या दवाखान्यात जाऊन कौतुकाने खुर्चीवर बसले, आणि तपासून झाल्यावर कळलं की अब्बांच्याच तीन दाढा किडलेल्या आहेत.

"मस्कतला दाखवलं नाहीत कधी?" आतिफाने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"तिथले डॉक्टर फार गंभीर असतात," रफिक म्हणाले आणि तोंड उघडलं.